रॉ विरुद्ध नायट्रो (१९९६-९९): कुस्ती गाजते ती शेवटामुळे का?

दोरखंड (धागाकर्ता)

आधीच एक विनंती. "अहो, ते सगळं खोटं असतं" हे इथे कोणी लिहू नये. निकाल आधी ठरलेला असतो, हे व्हिन्स मॅकमॅनच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) १९८९ मध्येच न्यू जर्सीच्या सिनेटसमोर सांगून टाकलं होतं. खेळ नाही, करमणूक आहे असं म्हटलं की क्रीडा आयोगाचे नियम आणि कर दोन्ही टळतात, एवढं साधं कारण होतं. त्या वादाचं तेरावं कधीच उरकलंय.

मुद्दा वेगळा आहे. निकाल ठरलेला असूनही, आणि आज तर तो तोंडपाठ असूनही, त्या काळातल्या काही कुस्त्या अजून पापणी लवू देत नाहीत आणि काही फुकट दाखवल्या तरी बघवत नाहीत. माझं म्हणणं असं की हा फरक शेवटच्या अर्ध्या मिनिटात पडतो. आधीच्या वीस मिनिटांत प्रेक्षकाला जे कबूल केलं, ते शेवटाने फेडलं की नाही, एवढंच बघायचं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात पार्श्वभूमी. टीएनटी वाहिनीवर प्रतिस्पर्धी कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यूचं 'नायट्रो' ४ सप्टेंबर १९९५ ला मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकामधून सुरू झालं, थेट डब्ल्यूडब्ल्यूएफच्या 'रॉ'च्या सोमवारी. मे १९९६ मध्ये स्कॉट हॉल प्रेक्षकांतून उठून रिंगमध्ये आला, ७ जुलैला डेटोना बीचला हल्क होगन खलनायक झाला, एनडब्ल्यूओ ही खलनायकांची टोळी जन्मली आणि नायट्रोने रेटिंगमध्ये रॉला सलग ८३ आठवडे धूळ चारली. ती साखळी १३ एप्रिल १९९८ ला तुटली. त्या रात्री रॉ ४.६ आणि नायट्रो ४.३. गंमत म्हणजे रॉवर ऑस्टिन विरुद्ध मॅकमॅन ही जी कुस्ती जाहीर झाली होती ती झालीच नाही. मध्येच ड्यूड लव्ह (मिक फोलीचं एक रूप) येऊन टपकला. झाली नाही म्हणूनच पुढच्या सोमवारची भूक राहिली.

उत्तम शेवटाचा नमुना म्हणून रेसलमेनिया १३ घ्या. २३ मार्च १९९७, शिकागोजवळचं रोझमाँट. ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन, सबमिशनची (समोरच्याला शरण आणायची) कुस्ती, पंच केन शॅमरॉक. ब्रेट आला तो नायक म्हणून, ऑस्टिन खलनायक म्हणून. अर्ध्या तासाच्या आत दोघांच्या जागा बदलल्या, तेही एक शब्द न बोलता. कसं, ते क्रमाने बघा. प्रेक्षकांत मारामारी होते तोवर दोघं सारखेच रांगडे. मग ब्रेट पद्धतशीर गुडघा मोडायला घेतो, रिंगच्या खांबाभोवती ऑस्टिनचे पाय अडकवून फिगर फोर लावतो. मग खुर्ची आणतो. इथून तो निर्दय दिसायला लागतो. ऑस्टिनचं कपाळ फुटल्यावर त्याची हालचाल मंदावते, पण तो मागे सरत नाही. ऑस्टिन वायरने गळा आवळतो तर ब्रेट घंटा उचलून त्याच्या डोक्यात घालतो. मग शार्पशूटर, ब्रेटची पाय पिळून पाठ वाकवायची पकड. ऑस्टिन एकदा रेटा देऊन जवळजवळ सुटतो, ब्रेट परत बसतो, आणि रक्ताने माखलेला माणूस 'सोडा' न म्हणता बेशुद्ध पडतो.

हरला, पण शरण गेला नाही. कुस्ती शरण येण्याची होती, त्यामुळे हा एकच निकाल दोघांनाही पुरला. घंटा झाल्यावर ब्रेट परत पाय धरून ओढतो, शॅमरॉक त्याला कंबरेत धरून फेकतो आणि ब्रेट त्याच्याशी न भिडता निघून जातो. त्या क्षणी प्रेक्षकांचा आवाज नीट ऐका. आत येताना ज्याला टाळ्या होत्या त्याला शिव्या पडतायत. ऑस्टिन मदत नाकारून लंगडत जातो, तेव्हा त्याच्या नावाचा घोष.

तुमच्या मते असा दुसरा शेवट कोणता? आणि सगळ्यात वाईट?

घंटावाला

सगळ्यात वाईट? विचारायची गोष्ट आहे का! स्टारकेड ९७.

मधली फळी

दोरखंडराव, धागा आवडला, पण "शेवटच्या अर्ध्या मिनिटात" हे पटत नाही. तुम्हीच सांगितलेल्या कुस्तीत शेवट चालला, कारण त्याच्या आधी गुडघा, खुर्ची, रक्त अशी पायरी-पायरीने चढण होती. नुसतं बेशुद्ध पडणं पहिल्या मिनिटाला दाखवलं असतं तर लोक हसले असते.

आणखी एक. त्या काळी डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये रक्त दाखवायला अधिकृत बंदी होती. ऑस्टिनचं कपाळ ब्रेटनेच ब्लेडने कापलं, हे ब्रेटने नंतर स्वतः सांगितलं. मॅकमॅनला विचारलं असतं तर परवानगी मिळाली नसती, आणि तो तर त्या रात्री कॉमेंट्रीच्या टेबलावर बसला होता. शार्पशूटरमधला तो रक्ताने माखलेला क्लोजअप पुढे वर्षानुवर्षं कंपनीनेच जाहिरातीत वापरला.

घंटावाला

थोडा वेळ काढून लिहितो. स्टारकेड, २८ डिसेंबर १९९७, वॉशिंग्टन. स्टिंग विरुद्ध होगन. या एका लढतीसाठी स्टिंगला वर्षभराहून जास्त काळ कुस्तीपासून लांब ठेवलं होतं. काळा कोट, पांढरा चेहरा, हातात बॅट, छताजवळ उभा, कधी दोरावरून खाली. बोलणं जवळजवळ शून्य. एवढी भूक वाढवल्यावर जेवण साधं हवं होतं. होगनने मार खावा, स्टिंगने स्कॉर्पियन डेथलॉक (शार्पशूटरसारखीच पकड) लावावा, होगनने हात आपटावा, संपलं.

ठरलं काय? पंच निक पॅट्रिक एनडब्ल्यूओचा, स्टिंगचे खांदे टेकले की तो घाईघाईने तीन मोजेल (तीन मोजले की हार), मग ब्रेट हार्ट येऊन "माझ्यावर झालं ते परत होऊ देणार नाही" म्हणत घंटा थांबवेल, कुस्ती पुन्हा सुरू होईल आणि स्टिंग जिंकेल. कागदावर ठीक. महिन्याभरापूर्वी माँट्रियलला ब्रेटशी जे झालं त्याची सगळीकडे चर्चा होती.

पडद्यावर पॅट्रिकने मोजलं ते अगदी नेहमीच्या वेगाने. हात पडतो, उचलतो, पडतो. स्टिंग खांदा उचलत नाही. म्हणजे बघणाऱ्याच्या दृष्टीने होगन रीतसर जिंकला, आणि मग ब्रेट येऊन विनाकारण कालवा करतो. अन्याय दिसलाच नाही, तर त्याचं निवारण कसलं? आधीही पूर्ण कुस्तीभर होगनच वरचढ. शेवटी स्टिंगच्या हातात विजेतेपदाचा पट्टा आला पण नायक झाला नाही. वर पुन्हा जानेवारीत पट्टा काढून घेतला आणि २२ फेब्रुवारीला सुपरब्रॉलमध्ये परत जिंकायला लावला. एक फळ दोनदा पिळून काय निघणार!

रातकिडा

होगनच्या करारात स्वतःच्या कथानकावर हक्क होता, हे कारण कुठल्याही डब्ल्यूसीडब्ल्यू चर्चेत शेवटी येतंच. आधीच लिहून ठेवतो म्हणजे पुढे वीस प्रतिसाद वाचतील.

शार्पशूटर

माँट्रियलचा विषय निघालाच आहे तर नीट क्रम लावून घेऊ, कारण अर्धवट माहिती फार फिरते.

९ नोव्हेंबर १९९७, मोल्सन सेंटर, सर्व्हायव्हर सिरीज. ब्रेट चॅम्पियन होता आणि डब्ल्यूसीडब्ल्यूत चालला होता. १९९६ मध्ये त्याच्याशी २० वर्षांचा करार करणाऱ्या मॅकमॅननेच तो पगार झेपत नाही म्हणून त्याला दुसरीकडे बघायला सांगितलं होतं. शेवटच्या तीस दिवसांत आपल्या कथानकावर ब्रेटला वाजवी हक्क होता, आणि कॅनडात शॉन मायकल्सकडून हरायला त्याने नकार दिला. ठरलं होतं असं की दोन्ही गट रिंगमध्ये घुसतील, कुस्ती रद्द ठरेल आणि ब्रेट नंतर पट्टा सोडेल.

मॅकमॅनला भीती का वाटली? डिसेंबर १९९५ मध्ये अलंड्रा ब्लेझ डब्ल्यूडब्ल्यूएफचा महिलांचा पट्टा घेऊन नायट्रोवर गेली आणि कॅमेऱ्यासमोर तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. तेच पुरुषांच्या पट्ट्याचं झालं तर?

आता कुस्ती. मायकल्स ब्रेटवर ब्रेटचाच शार्पशूटर लावतो. ब्रेटच्या समजुतीप्रमाणे इथून तो पाय धरून उलटवणार होता. पण पकड पूर्ण बसते न बसते तोच मॅकमॅन रिंगच्या कडेवरून ओरडतो, पंच अर्ल हेब्नर घंटेची खूण करतो आणि रिंगबाहेर उडी मारून थेट गाडीत. पुन्हा बघाल तर दिसेल, घंटा वाजते तेव्हा ब्रेटचा हात मायकल्सच्या पायाकडे गेलेलाच आहे आणि तो त्याला पाडतोसुद्धा. मग ब्रेट मॅकमॅनच्या तोंडावर थुंकतो, हवेत बोटाने डब्ल्यूसीडब्ल्यू अशी अक्षरं काढतो, मॉनिटर फोडतो.

म्हणजे दोरखंडरावांच्या नियमाला हा अपवाद आहे. शेवटाने काहीच फेडलं नाही, उलट फसवलं, आणि त्यातूनच पुढची तीन वर्षं जन्मली. १७ नोव्हेंबरच्या रॉवर मॅकमॅनने मुलाखतीत सगळं खापर ब्रेटच्याच डोक्यावर फोडलं, आणि कॉमेंट्रीतला गोडबोल्या माणूस 'मिस्टर मॅकमॅन' झाला. ऑस्टिनला मारायला मालक मिळाला.

तिरकस

थोडक्यात, कुस्ती फसली तर धंदा वाढतो. नोंद घेतली.

मधली फळी

तिरकसशेठ, धंदा वाढला तो फसवलं म्हणून नाही, फसवणूक स्वच्छ दिसली म्हणून. तीच गोष्ट स्टारकेडला दिसली नाही. बाकी शार्पशूटर यांच्याशी बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

निळा कॅनव्हास

शेवटावर इतकं चाललंय, पण खालच्या फळ्यांकडे कोणी बघत नाही. दोन कंपन्यांच्या रिंग वेगळ्या होत्या आणि कुस्ती त्यामुळेही वेगळी दिसायची.

डब्ल्यूडब्ल्यूएफची रिंग २० बाय २० फूट, डब्ल्यूसीडब्ल्यूची १८ बाय १८. दोन फूट कमी म्हणजे एका दोरावरून दुसऱ्या दोरापर्यंत एक पाऊल कमी, सगळं जास्त वेगवान दिसतं. डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये खरा दोर, त्यावर टेप. डब्ल्यूसीडब्ल्यूत पोलादी केबल, वर रबराची नळी. केबल ताठ असते, तिच्यावर उभं राहून उडी मारणाऱ्याला पायाखाली भरवसा मिळतो, पण पाठीने आदळणाऱ्याला ती जास्त लागते. दोर सैल पडत जातो, म्हणून कार्यक्रमाच्या मध्येसुद्धा टर्नबकल (कोपऱ्यात दोर ताणणारे आटे) आवळावे लागतात.

खाली पोलादी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळ फोम, वर ताणलेलं कॅनव्हास. गादीवरच्या कुस्तीची गादी डोळ्यांसमोर आणू नका, तिच्या मानाने हे फारच कडक प्रकरण. आवाज मोठा येतो कारण खाली पोकळी आहे आणि माइक लावलेले असतात. पडताना हनुवटी छातीला, पाठीचा वरचा भाग एकदम सपाट टेकवायचा, दोन्ही तळहात बाजूला आपटायचे आणि श्वास बाहेर सोडायचा. वजन जितक्या मोठ्या भागावर पसरेल तितकं बरं. एक कोपर आधी टेकलं की खांदा गेला.

दोरखंड

झकास माहिती. याच धर्तीवर पाइलड्रायव्हरचं कोणी सांगेल का? समरस्लॅम ९७ चं.

निळा कॅनव्हास

३ ऑगस्ट १९९७, ईस्ट रदरफर्ड, ओवेन हार्ट विरुद्ध ऑस्टिन. टूमस्टोन पाइलड्रायव्हरमध्ये उलटा धरलेल्या माणसाचं डोकं मारणाऱ्याच्या गुडघ्यांच्या वर राहायला हवं. मारणारा गुडघ्यांवर उतरतो, धक्का त्याच्या नडग्या आणि गुडघे घेतात, डोकं जमिनीपासून काही इंच वरच राहतं. अंडरटेकरचा बघा, दर वेळी गुडघ्यांवर.

ओवेन गुडघ्यांवर न उतरता बसला. बसल्यावर मांड्या जमिनीला टेकतात, मधली उंचीच संपते. ऑस्टिनचं डोकं मांड्यांच्या खाली लोंबत होतं, म्हणजे दोघांचं वजन थेट मानेवर. काही क्षण त्याच्या हातापायांतली ताकद गेली.

इथे आता शेवट बघा. ऑस्टिनने जिंकायचं ठरलेलं. ओवेन प्रेक्षकांना चिडवत इकडेतिकडे फिरतो, वेळ काढतो, जवळ जात नाही. ऑस्टिन कोपरावर सरपटत येतो आणि मागून पायात अडकवून कसाबसा गुंडाळतो. इतका ढिला रोलअप दुसऱ्या कुठल्या कुस्तीत हास्यास्पद ठरला असता. ओवेन खांदे दाबून पडून राहिला म्हणून तीन मोजता आले.

या एका चुकीने ऑस्टिनची शैली बदलली. आधीचा ऑस्टिन चटईवरचा चांगला मल्ल होता. त्यानंतर ठोसे, लाथा, बाहेर मारामारी, आणि स्टनर. स्टनर हा मानेला सोपा डाव: पोटात लाथ, वळून समोरच्याची हनुवटी खांद्यावर, आणि बसायचं. धक्का मारणाऱ्याच्या बुडाला, नाटक घेणाऱ्याचं. चांगला घेणारा गुडघे टेकून स्प्रिंगसारखा उसळतो. रॉक तर अर्धी रिंग पार करायचा. मॅकमॅनला शेवटपर्यंत तो धड घेता आला नाही. शेवटी जानेवारी २००० मध्ये ऑस्टिनच्या मानेची शस्त्रक्रिया झालीच.

घंटावाला

मॅकमॅनचे स्टनर हा स्वतंत्र विनोदी धागा होईल.

कॅमेरा क्रमांक दोन

मला डब्ल्यूसीडब्ल्यूची बाजू घ्यायची आहे. इथे सगळे होगन-होगन करतायत. नायट्रोचा पहिला तास कुणी बघितलाच नाही का? पहिल्या नायट्रोची पहिलीच कुस्ती ब्रायन पिलमन विरुद्ध जुशिन लायगर होती. २२० पौंडांखालचा क्रूझरवेट गट म्हणजे मेक्सिको, जपान आणि अमेरिका एका रिंगमध्ये.

हॅलोवीन हॅवॉक, २६ ऑक्टोबर १९९७, लास व्हेगास. रे मिस्टेरिओ विरुद्ध एडी गेरेरो. एडीचा पट्टा पणाला, रेचा मुखवटा पणाला. रेचा अख्खा जांभळा पोशाख. चौदा मिनिटांच्या आत खेळ खलास, एक सेकंद फुकट नाही. एडी पाठ धरून बसतो, मुखवटा फाडायला जातो, म्हणजे प्रेक्षकाला पणाची आठवण सतत राहते. रे धावत जाऊन दोरावर चढतो, मागे कोलांटी घेतो आणि हवेतच एडीची मान पकडून डीडीटी मारतो, म्हणजे डोकं खाली आपटतो. आज शंभर जण तसं करतील, पण तेव्हा आणि इतकं स्वच्छ कोणी नव्हतं करत.

शेवट: एडी रेला सर्वांत वरच्या दोरावरून आपटायला उचलतो, रे हवेतच पायांची कात्री घालून त्याला उलटवतो आणि त्याच झोकात पिन. हरवायला वापरलेला डावच हरण्याचं कारण झाला. मुखवटा वाचला, पट्टा आला. दोरखंडराव, तुमच्या कसोटीला हा रेसलमेनिया १३ इतकाच उतरतो, फक्त कंपनीला त्याची किंमत नव्हती. असल्या कुस्त्या चालू असताना कॉमेंटेटर एनडब्ल्यूओ आज काय करणार याच्या गप्पा मारत बसायचे. एडी आणि त्याचे तीन साथीदार जानेवारी २००० मध्ये उठून समोरच्या कंपनीत गेले.

रातकिडा

+१. आणि जानेवारी १९९८ पासून नायट्रो तीन तासांचं केलं, वर गुरुवारी थंडर चालू केलं. रेटिंगचे आकडे पंधरा-पंधरा मिनिटांचे वेगळे येतात. तीन तास म्हणजे बारा तुकडे, प्रत्येकात काहीतरी ओढणारं हवं. माणसं होती, पण वरच्या जागा चार-पाच जणांनी अडवलेल्या. म्हणून मोठी कुस्ती एका पाव तासाच्या आकड्यासाठी फुकट खर्च व्हायला लागली. ६ जुलै १९९८, अटलांटाचं जॉर्जिया डोम, गोल्डबर्गने होगनला हरवून पट्टा घेतला. प्रेक्षक सुमारे चाळीस हजार. आवाज आजही ऐकण्यासारखा. पण हे पैसे देऊन बघायच्या कार्यक्रमासाठी महिनाभर तापवता आलं असतं, ते टीव्हीवर वाटून टाकलं.

शार्पशूटर

आणि त्याच डोममध्ये सहा महिन्यांनी त्याचं श्राद्ध घातलं. ४ जानेवारी १९९९.

आधी २७ डिसेंबरला स्टारकेडमध्ये केव्हिन नॅशकडून गोल्डबर्गची पहिली हार, कारण स्कॉट हॉलने विजेचा झटका देणारी काठी लावली. ठीक, आता बदला हवा. जॉर्जिया हे गोल्डबर्गचं घर, केव्हिन नॅशशी पुन्हा कुस्ती जाहीर. मध्येच गोल्डबर्गला पोलीस पकडून नेतात, त्याच्या जागी होगन येतो. घंटा होते. होगन नॅशच्या छातीला एक बोट लावतो, नॅश धाडकन आडवा, पिन, होगन चॅम्पियन, सगळे गळ्यात गळे.

त्याच रात्री रॉ रेकॉर्ड केलेलं होतं, २९ डिसेंबरला वूस्टरला चित्रित. त्या काळी रॉ बऱ्याचदा एक आठवडा थेट, एक रेकॉर्डेड, आणि नायट्रोवाले रेकॉर्डेडचे निकाल आपल्या हवेवर सांगून टाकायचे. त्या रात्रीही टोनी शियावोनीने वरून आलेल्या सूचनेप्रमाणे सांगितलं की तिकडे मिक फोली पट्टा जिंकणार आहे, आणि त्यावर टोमणा मारला. लाखो लोकांनी चॅनल बदललं. निकाल माहीत होऊनही! रॉ ५.७, नायट्रो ५.०.

आणि रॉवर शेवट काय होता? रॉक विरुद्ध मॅनकाइंड (म्हणजे फोलीच), बाहेर दोन टोळ्या भिडलेल्या, काच फुटल्याचा आवाज (ऑस्टिनचं प्रवेशसंगीत), ऑस्टिन चालत येतो, रॉकच्या डोक्यात खुर्ची, मॅनकाइंडला त्याच्यावर ओढून टाकतो, एक-दोन-तीन. ती काच फुटते तेव्हाचा प्रेक्षकांचा आवाज हा त्या दशकातला सर्वांत मोठा असावा असं माझं मत आहे.

दोरखंड

शार्पशूटर, माझं म्हणणं याहून चांगलं कोणी मांडलं नसतं. एकाच रात्री दोन शेवट शेजारी-शेजारी.

मधली फळी

पण इथेही मी म्हणेन की फोलीचा शेवट चालला तो फोलीमुळे. सहा महिने आधीचं पिट्सबर्ग नसतं तर त्याला पट्टा मिळाल्याचा आनंद कुणाला झाला असता?

२८ जून १९९८, किंग ऑफ द रिंग, हेल इन अ सेल (छत असलेल्या पिंजऱ्यातली कुस्ती), फोली विरुद्ध अंडरटेकर. पिंजरा सुमारे सोळा फूट उंच. पहिला हेल इन अ सेल ऑक्टोबर १९९७ चा, मायकल्स विरुद्ध अंडरटेकर, इतका उत्तम झाला होता की त्याची बरोबरी कशी करायची हा फोलीपुढचा प्रश्न. कुस्ती छतावरच सुरू करायची, ही कल्पना टेरी फंकशी बोलताना निघाली. फोली आधी खुर्ची वर फेकतो, मग चढतो. अंडरटेकरचं पाऊल आधीच फ्रॅक्चर झालेलं, तरी तो चढतो. दोन-तीन मिनिटांत फोली वरून थेट स्पॅनिश कॉमेंटेटरांच्या टेबलावर. ही उडी ठरलेली होती.

दुसरी नव्हती. स्ट्रेचरवरून उठून तो पुन्हा चढला, चोकस्लॅम (गळा धरून उचलून आपटणं) झाला आणि छताची जाळीच निघाली. खाली पाठीवर पडला आणि वरची खुर्ची मागोमाग तोंडावर आली. दात तुटला, त्याचा तुकडा नाकापाशी दिसतो. इथे बघण्यासारखं काम टेरी फंकचं आहे. तो मध्ये येतो, अंडरटेकरचा चोकस्लॅम खातो, त्याचे बूट रिंगमध्येच राहतात. हे सगळं फोलीला शुद्धीवर यायला वेळ मिळावा म्हणून. मग रिंगमध्ये पसरलेल्या टाचण्या, मग टूमस्टोन. नंतर त्याच रात्री मुख्य कुस्तीतही फोली परत येतो.

आता दोरखंडरावांना प्रश्न: या कुस्तीचा शेवट कोणाला आठवतो? टूमस्टोन आणि पिन, साधा. तुमचा नियम इथे कोलमडतो की नाही?

दोरखंड

नाही कोलमडत. इथे शेवट साधाच हवा होता. चढ्या स्वरात संपवायला गेले असते तर कोणीतरी मेलं असतं.

कॅमेरा क्रमांक दोन

तिसरी बाजू मांडते. फोलीच्या या कुस्त्यांनी एक घातक सवय लावली. रॉयल रंबल, २४ जानेवारी १९९९, अ‍ॅनाहाइम, रॉक विरुद्ध मॅनकाइंड, 'आय क्विट' कुस्ती, म्हणजे जो 'सोडलं' म्हणेल तो हरला. घडीची लोखंडी खुर्ची पाठीवर सपाट मारली तर आवाज मोठा आणि इजा कमी. डोक्यावर मारायची असेल तर घेणारा हात वर करतो, अर्धा मार हातावर जातो. इथे फोलीचे हात पाठीमागे बेड्यांत. अकरा फटके थेट कवटीवर. पत्नी आणि लहान मुलं पहिल्या रांगेत रडतायत, ते एका माहितीपटात चित्रितही झालंय.

आणि शेवट? त्याने 'सोडलं' म्हटलंच नाही. आधीच्या एका मुलाखतीतला त्याचा आवाज ध्वनिक्षेपकावर वाजवला. युक्ती म्हणून हुशार, पण अकरा फटक्यांनंतर ती युक्तीच वापरायची होती तर तिसऱ्या फटक्याला वापरता आली असती. डोक्यावरच्या खुर्च्यांवर कंपनीने बंदी घातली ती २०१० मध्ये.

निळा कॅनव्हास

ताई, सहमत. आणि त्याच वर्षीचं दुसरं प्रकरण, ज्यात शेवटाचा प्रश्नच उरला नाही. २३ मे १९९९, कॅन्सस सिटी, केम्पर अरेना. ओवेन हार्ट ब्लू ब्लेझरच्या वेशात छतावरून खाली येणार होता. स्टिंगची चेष्टा हा हेतू. गंमत अशी करायची होती की रिंगच्या थोडं वर अडकायचं, धडपडायचं, मग स्वतःच कळ सोडून तोंडावर आपटायचं. त्या विनोदासाठी चटकन सुटणारी कडी हवी होती. म्हणून शिडाच्या बोटींवर वापरतात तशी कडी लावली, जी अगदी थोड्या ओढीने सुटते. माणूस टांगायच्या नेहमीच्या साधनात कडी आपोआप उघडू नये म्हणून कुलूप असतं, जोडीला दुसरा दोर असतो. इथे दोन्ही नव्हते. ७८ फुटांवरून पडला.

टीव्हीवर तेव्हा त्याची आधी चित्रित केलेली मुलाखत चालू होती, त्यामुळे पडणं घरच्या प्रेक्षकांना दिसलं नाही. कॉमेंटेटर जिम रॉसने मृत्यूची बातमी टीव्हीवरच्या प्रेक्षकांना सांगितली, अरेनातल्यांना कोणी सांगितलं नाही. आणि कार्यक्रम पुढे चालू ठेवला. यावर वाद घालायची माझी इच्छा नाही. चालू ठेवायला नको होता.

घंटावाला

चालू ठेवायला नकोच होता.

तिरकस

जरा हलकं करतो. अवांतर: आपल्याकडे ट्रम्प कार्डांवर वजन, छाती, दंड, किती लढती जिंकल्या हे सगळं छापून यायचं, आणि शाळेच्या डब्याच्या सुट्टीत ते प्रमाण मानलं जायचं. उंची तर सर्रास दोन-तीन इंच फुगवलेली असते, हे लक्षात ठेवून जुने वाद मिटवावेत. आणि १९९६ च्या सिनेमात अक्षय कुमारने उचललेला अंडरटेकर म्हणजे ब्रायन ली. समरस्लॅम ९४ मध्ये नकली अंडरटेकर झालेला तोच. खऱ्याला कोणी उचललं नव्हतं.

रातकिडा

हा प्रतिसाद छापून निम्म्या महाराष्ट्रात वाटला पाहिजे.

नवखा

सर्व जाणकारांना दंडवत. यातलं काहीच पाहिलेलं नाही. कुठून सुरू करू? आणि जुन्या फितींत कोपऱ्यातलं चिन्ह धूसर का दिसतं?

शार्पशूटर

चिन्हाचं आधी. डब्ल्यूडब्ल्यूएफ याच आद्याक्षरांच्या वन्यजीव संस्थेशी नावाच्या हक्काचा खटला हरल्यावर मे २००२ मध्ये कंपनी डब्ल्यूडब्ल्यूई झाली. त्यानंतर जुन्या फितींतलं ओरखड्याचं चिन्ह धूसर करायचे आणि बोलण्यातला 'एफ' गाळायचे. २०१२ मध्ये तडजोड झाल्यावर ते थांबलं. त्यामुळे धूसर चिन्ह म्हणजे मधल्या दहा वर्षांतली प्रत. शक्य असेल तर दुसरी शोधा, कारण गाळलेल्या आवाजात कॉमेंट्री तुटते. डब्ल्यूसीडब्ल्यूच्या प्रतींत काहींचं प्रवेशसंगीत बदललेलं असतं, तिथे प्रेक्षक ज्यावर ओरडतायत ते तुम्हाला ऐकूच येत नाही.

क्रम: रेसलमेनिया १३ ची ती एक कुस्ती. मग हॅलोवीन हॅवॉकमधली रे-एडी. मग सर्व्हायव्हर सिरीज ९७ चा शेवट आणि लगेच १७ नोव्हेंबरची मुलाखत. मग १३ एप्रिल १९९८ चा अख्खा रॉ. मग ४ जानेवारी १९९९ चे दोन्ही कार्यक्रम, शेवटचा अर्धा तास. आधी नायट्रो बघा, मग रॉ. उलट केलंत तर नायट्रो पूर्ण होणार नाही.

मधली फळी

यात ऑक्टोबर १९९९ ची 'नो मर्सी'तली शिडीची कुस्ती घाला. हार्डी बंधू विरुद्ध एज आणि ख्रिश्चन, क्लीव्हलँड. घंटा होते तेव्हा प्रेक्षक बसलेले असतात आणि कुस्ती संपल्यावर चौघांसाठी उभे असतात. बघताना एकच काम करा: शिडी कोण उभी करतोय ते बघा. ती अर्धा फूट इकडेतिकडे झाली तर वरचा माणूस दोरावर न पडता बाहेरच्या लादीवर पडतो. म्हणून खाली आडवा पडून मार खाल्ल्याचं नाटक करणारासुद्धा पायाने शिडीचा पाय सरकवत असतो.

नवखा

नायट्रो तीन तासांचं आहे. पूर्ण बघावंच लागेल का?

घंटावाला

पहिला तास बघा, मग झोपा.